नवऱ्याची सिकलसेल चाचणी निगेटिव्ह, तरी जोडपं जोखमीत: पश्चिम साक्री पट्ट्यातलं एक प्रकरण

सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. सिकलचं जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलं असेल तर माणूस नुसता वाहक असतो, आजारी नाही. हे प्रकरण कुण्या एका कुटुंबाचं नाही. पश्चिम साक्री, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात ज्या गोष्टी वारंवार एकत्र येतात त्या जुळवून ते रचलं आहे. रक्ताचे आकडे मात्र प्रयोगशाळेच्या कागदावर दिसतात तसेच ठेवले आहेत, कारण सगळा निर्णय त्या आकड्यांवर फिरतो.

परिस्थिती

भिल्ल समाजातली २१ वर्षांची पहिलटकरीण. ऑक्टोबरच्या ९ तारखेच्या माता तपासणीला आशाताईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं. शेवटची पाळी १० ऑगस्टला, म्हणजे ८ आठवडे ४ दिवस. हिमोग्लोबिन ८.९. सोल्युबिलिटी चाचणी (सिकलची प्राथमिक रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. नवरा २५ वर्षांचा, ऊसतोडीला जाणारा. दिवाळी झाली की टोळी गुजरातेत बारडोलीकडे निघणार होती आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली होती. हातात होते जेमतेम तीन आठवडे. गर्भाची जनुकीय तपासणी करायचीच ठरली, तर वारेचा (प्लॅसेंटाचा) नमुना घेण्याचा काळ अकराव्या आठवड्यानंतर सुरू होतो, आणि टोळी निघायची ती नेमकी तेव्हाच.

दोन दिवसांनी नवरा आला. त्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह निघाली. रजिस्टरमध्ये नोंद झाली: "पती निगेटिव्ह, जोखीम नाही."

चाचणी बरोबर होती, नोंद चुकीची होती.

सोल्युबिलिटी चाचणी काय सांगते

चाचणी साधी आहे. छोट्या काचनळीत २ मिलिलिटर द्रावण घ्यायचं, त्यात २० मायक्रोलिटर रक्त टाकायचं, हलवून पाच मिनिटं ठेवायचं आणि नळी काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरायची. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. द्रावणातलं डायथायोनाइट रक्तातला ऑक्सिजन काढून घेतं आणि ऑक्सिजन गेलेलं सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही. चाचणीचं सगळं तत्त्व एवढंच.

म्हणून तिला एकच प्रश्न विचारता येतो: या रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे का? वाहक आणि रुग्ण यांतला फरक ती सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने ती खोटी निगेटिव्ह येते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर २० मायक्रोलिटर रक्त अपुरं पडतं, तेव्हा दुप्पट घ्यावं लागतं. रक्त नुकतंच चढवलं असेल तर निकाल धरायचाच नाही. डायथायोनाइट हवेतल्या ओलाव्याने मरतं. पावसाळ्यात झाकण सैल राहिलेली बाटली किंवा मे महिन्यात वीज गेलेल्या फ्रीजमधलं द्रावण हमखास खोटं निगेटिव्ह देतं. दररोज पहिल्या नळीत माहीत असलेल्या वाहकाचं रक्त आणि दुसऱ्या नळीत निरोगी माणसाचं रक्त लावल्याशिवाय त्या दिवशीचा एकही निकाल लिहू नये. लॅपटॉपवर आकडे भरण्याच्या घाईत पहिल्यांदा हेच पाऊल गळतं.

या केंद्रात दोन्ही नळ्या लावल्या होत्या आणि नवऱ्याच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन खरोखरच नव्हतं. पण सिकल जनुकाच्या जोडीला येऊन बाळाला आजारी करणारं दुसरं जनुक आहे, बीटा थॅलेसेमियाचं (यात हिमोग्लोबिन पुरेसं तयार होत नाही), आणि ते या नळीत कधीच दिसत नाही. भारतात बीटा थॅलेसेमियाचे वाहक सरासरी ३ ते ४ टक्के धरले जातात. समाजागणिक आकडा बदलतो, पण आदिवासी समाज त्यातून सुटलेला नाही. बोटातून थेंब घेऊन पट्टीवर होणारी नवी झटपट चाचणी वाहक आणि रुग्ण वेगळे दाखवते, हे तिचं मोठं काम आहे. थॅलेसेमियाचा वाहक मात्र तिलाही ओळखता येत नाही.

कागद आधीच हातात होता

नवऱ्याची जांभळ्या झाकणाची नळी सीबीसीलाही (रक्तपेशींच्या मोजणीलाही) गेली होती. चिठ्ठी छापून आली होती, पण हिमोग्लोबिन पाहून बाजूला ठेवली गेली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी दोघांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचल्या.

नवरा: हिमोग्लोबिन १२.६, तांबड्या पेशी ६२ लाख, एमसीव्ही ६४, एमसीएच २०.३, आरडीडब्ल्यू १५.
बायको: हिमोग्लोबिन ८.९, तांबड्या पेशी ४३ लाख, एमसीव्ही ७१, एमसीएच २०.७, आरडीडब्ल्यू १९.

एमसीव्ही म्हणजे पेशीचा सरासरी आकार, एमसीएच म्हणजे पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन, आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत. दोघांच्याही पेशी लहान आहेत, पण कारणं वेगळी दिसतात. लोह कमी असलं की पेशी लहान होतात तशा संख्येनेही कमी होतात, आणि लहानमोठ्या मिसळल्याने आरडीडब्ल्यू वाढतो. बायकोचं चित्र तसं आहे. नवऱ्याच्या पेशी तिच्याहून लहान असून संख्या ६२ लाख आहे. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशींच्या संख्येने भागलं की त्याचा आकडा १०.३ येतो, तिचा १६.५. तेराच्या खाली आला तर थॅलेसेमियाचा संशय बळावतो, वर आला तर लोहाच्या कमतरतेचा. हा भागाकार निदान करत नाही, पुढच्या चाचणीला पाठवायचं कोणाला ते सांगतो. एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच २७ च्या खाली असेल तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी) हवी, आणि बायको सिकल वाहक असेल तर नवऱ्याचे आकडे कसेही असोत, त्याची एचपीएलसी करावीच, हे आमचं स्पष्ट मत आहे. एका नमुन्याचा खर्च वाचवण्यासारखी ती जागा नाही.

त्याच सकाळी आशाताईंच्या मदतीने तीन पिढ्यांची वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. "घरात कुणाला आजार आहे का?" असं विचारलं की उत्तर नाहीच येतं. विचारायचं असं: लहानपणी कोण गेलं? कुणाला रक्त चढवलं? कुणाचे डोळे पिवळे होतात? थंडीत हातपाय कुणाचे ठणकतात? तिच्या बाजूला सहा वर्षांचा भाऊ ताप आणि काविळीत गेलेला निघाला. त्याच्या बाजूला धाकटी बहीण, लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊनही रक्त न वाढलेली. सोल्युबिलिटीची नळी जे सांगू शकत नव्हती ते या बहिणीने सांगितलं.

एचपीएलसीचे निकाल टक्क्यांत आले. ए हे नेहमीचं हिमोग्लोबिन, एस सिकलचं, एफ गर्भावस्थेतलं, आणि ए-दोन हे थॅलेसेमिया वाहकात वाढणारं. बायको: हिमोग्लोबिन ए ५८.२, एस ३४.६, ए-दोन ३.४, एफ ०.८. नवरा: ए-दोन ५.३, एफ १.१, एस नाही. म्हणजे ती सिकल वाहक, तो बीटा थॅलेसेमिया वाहक.

तिच्या ए-दोनचा आकडा वाचताना घोटाळा होतो. सिकल वाहकाच्या रक्तात एचपीएलसी यंत्र सिकलचाच थोडा भाग ए-दोनमध्ये मोजतं, त्यामुळे तो किंचित फुगतो. ३.६ किंवा ३.८ दिसला म्हणून तिलाही थॅलेसेमिया आहे असं लिहू नये. पाहायचं ते एस आणि ए यांचं प्रमाण. एस कमी, ए जास्त म्हणजे वाहक. एस जास्त आणि ए कमी किंवा शून्य असेल तर तिलाच आजार आहे. उलट नवऱ्याचा ए-दोन ३.५ ते ३.९ मध्ये आला असता तर पंचाईत होती, कारण लोहाची कमतरता हा आकडा खाली ओढते. एरवी लोह देऊन पुन्हा तपासता येतं, पण गरोदरपणात तेवढी सवड नसते. तेव्हा थेट डीएनए तपासणीला पाठवायचं.

सांगायचं कोणाला, कसं

निकाल आधी तिला एकटीला सांगितला, मग तिला विचारून नवऱ्याला आत बोलावलं. सासूला बाहेर बसवणं अवघड असतं, तरीही ते करावंच लागतं. वाहक असल्याचा कागद आधी सासूच्या हातात पडला की पुढचं सगळं समुपदेशन सारवासारवीत जातं.

समुपदेशकाने दोन वाट्या घेतल्या. तिच्या वाटीत एक पांढरा मक्याचा दाणा आणि एक उडीद. त्याच्या वाटीत एक पांढरा मका आणि एक तुरीचा दाणा. मका म्हणजे चांगला गुण, उडीद म्हणजे सिकल, तूर म्हणजे थॅलेसेमिया. दोघांनी डोळे मिटून आपापल्या वाटीतून एकेक दाणा काढायचा, जोडी पाहायची, दाणे परत टाकायचे, पुन्हा काढायचे. मका-मका आलं तर बाळ पूर्ण निरोगी, उडीद-मका किंवा मका-तूर आलं तर आईसारखं किंवा बापासारखं वाहक, उडीद-तूर आलं तर आजार. चार शक्यता, चौथी आजाराची, म्हणजे प्रत्येक खेपेला २५ टक्के.

दाणे परत टाकण्यावर भर द्यायचा. 'चारात एक' म्हटलं की बहुतेक जोडपी असं धरतात की एक आजारी मूल झालं की पुढची तीन सुटली. वाटीत लागोपाठ दोनदा उडीद-तूर निघालं की हा समज आपोआप जातो. शंभर शब्द बोलून जे होत नाही ते इथे होतं.

तिने विचारलं, "मग दोष माझाच ना?"

"नाही ताई. दोन्ही वाट्यांत एकेक दाणा आहे. तुम्ही दोघांनी तो आईबापाकडून घेतला, निवडून नाही घेतला."

नवरा म्हणाला, "माझ्यात काही असतं तर मी ऊस तोडला असता का?"

"भाऊ, तुम्ही आजारी नाहीच. वाहकाला काही होत नाही. तुम्हाला गोळी नको, पथ्य नको. लोहाच्या गोळ्याही उगाच खाऊ नका."

शेवटी सासूला आत घेतलं, तेव्हा ती अहिराणीत एवढंच म्हणाली, "आमना घरमा हाऊ आजार कोन्हलेच नही." तिला खोडून काढायचं नसतं. "खरंय मावशी, आजार कुणालाच नाही. गुण आहे, आणि तो दोन्ही घरांत आहे," हे उत्तर पुरतं. नवऱ्याच्या नावापुढे 'निगेटिव्ह' एवढंच राहिलं असतं तर उद्या आजारी बाळ झाल्यावर सगळा ठपका एकट्या सुनेवर आला असता. अशा ठपक्यावरून या पट्ट्यात बायका माहेरी पाठवल्या जातात. अचूक निदानाचा हा उपयोग वैद्यकीय पुस्तकात नसतो, पण आम्हाला तो उपचाराइतकाच मोलाचा वाटतो.

तिची लोहाची कमतरता वेगळी होती आणि तिला लोह हवंच होतं: रोज दोन गोळ्या, प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. 'सिकल आहे, लोह बंद' असा एक चुकीचा नियम उपकेंद्रांवर फिरतो. लोहाला जपायचं असतं ते वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात, वाहकात नाही.

नवऱ्याने मोबाइलवर पाहिलं होतं की आता जनुक बदलून सिकलसेल बरा होतो. ते खोटं नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेत अशा उपचाराला मान्यता मिळाली. तो रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशींवर करतात, आधी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते आणि खर्च कोट्यवधींत जातो. पोटातल्या बाळावर तो होत नाही. एवढं सरळ सांगितलं की त्या प्रश्नात वेळ जात नाही.

तपासणीचा पर्याय

सिकलमध्ये बीटा ग्लोबिन जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, सगळ्या सिकल वाहकांत तेच. थॅलेसेमियात तसं नाही, बिघाड अनेक प्रकारचे असतात. म्हणून गर्भ तपासण्याआधी नवऱ्याचा नेमका बिघाड शोधावा लागतो. तो माहीत नसताना वारेचा नमुना घेतला तर प्रयोगशाळेला काय शोधायचं तेच कळत नाही. दोघांचं प्रत्येकी ३ ते ५ मिलिलिटर रक्त ईडीटीए नळीत (जांभळ्या झाकणाच्या), थंड डब्यात पण न गोठवता, नावासोबत पती-पत्नी असा उल्लेख आणि एचपीएलसीच्या प्रती जोडून पाठवलं. मुंबईत परळला आयसीएमआरच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत हे काम होतं. नवऱ्याच्या नमुन्यात आयव्हीएस १-५ हा भारतात सर्वाधिक आढळणारा बिघाड निघाला. तो तीव्र गटातला आहे. सिकलसोबत आला तर आजार जवळजवळ दुहेरी सिकलइतका (दोघा आईबापांकडून सिकलचं जनुक आल्याइतका) त्रास देतो.

सगळी जनुकं एकदम वाचणाऱ्या महागड्या खासगी चाचण्यांची इथे गरज नव्हती. प्रश्न एका जनुकाचा होता आणि उत्तर त्याच जनुकात मिळालं.

जोडप्याला सांगितलेलं असं. वारेचा नमुना साधारण ११ ते १४ आठवड्यांत घेतात, गर्भजल १६ व्या आठवड्याच्या सुमारास. दोन्हींत गर्भपाताची थोडी जोखीम असते. पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी चालते, पण नोंदणीकृत केंद्रातच. गर्भवतीची लेखी संमती तिला कळणाऱ्या भाषेत घ्यायची, एक प्रत तिला द्यायची, आणि लिंग कोणत्याही परिस्थितीत सांगायचं नाही. हे शेवटचं आपणहून सांगावं, नाहीतर गावात वेगळीच कुजबुज होते. आजार निघाला तर पुढे काय, हा निर्णय तिचा. गर्भपाताच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांत २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं, आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. आजार निघाला तरी गर्भ ठेवायचा असेल तर तेही तितक्याच आदराने मान्य, आणि तपासणी नको असेल तर तेही.

एक व्यवहाराची गोष्ट इथे कामी आली. साक्रीच्या पश्चिमेकडून मुंबई लांब पडते, पण बारडोलीहून सुरत जवळ आणि सुरतेहून मुंबईची गाडी थेट. टोळीवर गेल्यावरही सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासणीला जाणं उलट सोपं होतं. तारखा मोजून माता-बाल कार्डाच्या मागे लिहून दिल्या: ३० नोव्हेंबरला सोळा आठवडे पूर्ण, २८ डिसेंबरला वीस. फोन कुणाला करायचा तेही लिहिलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस फोनवर तिनेच सांगितलं की तपासणी करायची नाही. उचल फेडायची होती, सुई पोटात घालायची भीती होती, आणि मूल कसंही असलं तरी वाढवायचं असं दोघांनी ठरवलं होतं. फोन घेणाऱ्याने पुन्हा पुन्हा पटवायचं नसतं. समजून घेतलं आहे का एवढं तपासायचं: चारात एक ही गोष्ट तिने स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगितली. नोंद झाली, "माहिती दिली, समजली, तपासणी नको." आणि नवजात बाळाची योजना त्याच दिवशी सुरू झाली.

बाळ

मे महिन्याच्या मध्यात, टोळी परतल्यावर, प्रसूती मोठ्या रुग्णालयात झाली. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या एचपीएलसीत एफ आणि एस दिसलं, ए दिसलं नाही. नुसता हा कागद पाहून कुणीही 'दुहेरी सिकल' लिहिलं असतं. आईबापाचे अहवाल फाइलीत असल्याने निदान नेमकं ठरलं, सिकल-बीटा थॅलेसेमिया, आणि डीएनए तपासणीने ते पक्कं झालं.

आता काम पुन्हा प्राथमिक केंद्राकडे आलं. दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत तोंडावाटे पेनिसिलिन दिवसातून दोनदा, मात्रा वयानुसार. ते मिळत नसेल तर पर्याय बालरोगतज्ज्ञाकडून लेखी घ्यायचा, औषध बंद ठेवायचं नाही. न्यूमोकोकल लस सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात. टोळीच्या हंगामात नवव्या महिन्याची मात्रा हमखास चुकते, म्हणून ती कुठे घ्यायची हे निघण्याआधी ठरवायचं. फॉलिक आम्ल रोज. आईला पानथरी (प्लीहा) चाचपायला शिकवायची: डाव्या बरगडीखाली बोटं सपाट ठेवून, बाळ शांत असताना, आठवड्यातून दोनदा. पानथरी एकाएकी मोठी लागली आणि बाळ पांढरं पडलं तर रक्त पानथरीत अडकतं आहे, तासाभराचाही उशीर नको. ताप १०१ च्या वर गेला तर घरी क्रोसिन देऊन वाट पाहायची नाही. उन्हाळ्यात अंगावरचं दूध वारंवार पाजायचं, कारण पाणी कमी पडलं की पेशी वाकड्या होतात. हायड्रॉक्सियुरिया (सिकलचा त्रास कमी करणारं औषध) कधी सुरू करायचं ते तज्ज्ञ ठरवतील, पण सुरू झाल्यावर पेशींची मोजणी केंद्रातच व्हायची.

सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो. प्रमाणपत्राचा अर्ज बाळाच्या जन्मदाखल्यासोबतच मार्गी लावला तर पुढे खेटे वाचतात.

उरलेली माणसं

वंशावळीतली नवऱ्याची धाकटी बहीण १९ वर्षांची होती आणि घरात सोयरीक बघणं चालू होतं. तिला वेगळं बोलावून तपासलं. ए-दोन ५.१, तीही थॅलेसेमिया वाहक. लोहाच्या गोळ्या बंद केल्या आणि तिचा कागद तिच्याच हाती दिला. सोयरीक मोडायची गरज नाही, होणाऱ्या नवऱ्याची सोल्युबिलिटी, सीबीसी आणि एचपीएलसी तिन्ही व्हायला हव्यात, हे तिला नीट समजावलं. बायकोच्या दोन बहिणींसाठी माहेरच्या गावच्या उपकेंद्राला निरोप गेला, अर्थात तिला विचारूनच.

रजिस्टरमधली पहिली नोंद लाल पेनाने दुरुस्त करून तारीख घातली. 'पती निगेटिव्ह' या रकान्याशेजारी आता एमसीव्ही आणि ए-दोन असे दोन रकाने हाताने आखले आहेत. जोडप्याच्या फाइलीत दोघांचे डीएनए अहवाल लावलेले आहेत. पुढच्या खेपेला पाळी चुकली की सहाव्या आठवड्यात यायचं असं ठरलं आहे. बिघाड आधीच माहीत असल्याने रक्त पुन्हा पाठवावं लागणार नाही, आणि तपासणी हवी असेल तर वारेच्या नमुन्याची तारीख त्याच दिवशी घेता येईल.